तपासणी आधी कुणाची? ‘वाय’ गुणसूत्राचे उत्तर

वेदगंगेच्या काठचे गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे मुख्य ठिकाण. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून माणसे बाजाराला, कचेरीला आणि दवाखान्याला इथेच येतात. अशा तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागातले एक चित्र वर्षानुवर्षे फारसे बदललेले नाही. लग्नाला चार-पाच वर्षे झालेली सून सासूबरोबर किंवा आईबरोबर येते. हातातल्या पिशवीत जाड फाईल असते. त्यात तीन-चार सोनोग्राफी, थायरॉइडचे रिपोर्ट, गर्भनलिकांचा एक्स-रे, कधी दुर्बिणीतून केलेल्या तपासणीचा कागद असतो. बहुतेक कागदांवर ‘नॉर्मल’ असा शेरा असतो. एक कागद मात्र त्या फाईलमध्ये नसतो. तो म्हणजे नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा. विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘त्यांच्यात काही दोष नाही.’ हे कुणी तपासले, याला मात्र उत्तर नसते.

त्याच वेळी बाहेर बाकावर बसलेल्या मंडळींच्या मोबाइलवर एक बातमी अधूनमधून फिरत असते. ‘पुरुषांचे वाय गुणसूत्र नाहीसे होत चालले आहे, पुरुषजात संपणार.’ एकीकडे वाय गुणसूत्र म्हणजे वंशाचा दिवा अशी समजूत, तर दुसरीकडे तो दिवा विझत आल्याची ओरड. विज्ञान या दोन्हींपेक्षा वेगळे काही सांगते. गेल्या काही वर्षांत वाय गुणसूत्राबद्दल जे कळले आहे, त्याचा थेट संबंध त्या फाईलमध्ये नसलेल्या कागदाशी आहे.

नकाशा पुरा झाला

माणसाच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यातली एक जोडी लिंग ठरवते. स्त्रीमध्ये ती ‘एक्स-एक्स’ असते, पुरुषामध्ये ‘एक्स-वाय’. आईकडून प्रत्येक मुलाला एक्सच मिळतो. बापाच्या शुक्राणूंपैकी साधारण निम्म्यांत एक्स असतो, निम्म्यांत वाय. म्हणजे मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्राणूवर ठरते, आईच्या हातात त्यातले काहीच नसते. शाळेच्या पुस्तकात हे कितीतरी वर्षे छापले जाते, तरी घराघरात पोहोचलेले नाही.

माणसाच्या जनुकीय आराखड्याचे वाचन २००३ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा वाय गुणसूत्राचा निम्म्याहून अधिक भाग वाचायचा राहून गेला होता. कारण तिथे एकच मजकूर पुन्हा पुन्हा येतो. एखाद्या पोथीच्या शेकडो पानांवर जवळजवळ सारखाच मजकूर असेल आणि ती पोथी फाडून तुकडे समोर टाकले, तर कुठला तुकडा कुठल्या पानाचा हे सांगणे अशक्य होते. वायचे तसेच झाले होते. लांबच लांब तुकडे सलग वाचू शकणारी यंत्रे आली, तेव्हा हे कोडे सुटले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात एका आंतरराष्ट्रीय गटाने एका पुरुषाचे वाय गुणसूत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचून प्रसिद्ध केले. त्यात ६ कोटी २४ लाख ६० हजार २९ अक्षरे आहेत. त्यातली तीन कोटींहून अधिक अक्षरे आधीच्या नकाशात नव्हतीच. प्रथिने बनवणारी ४१ नवी जनुके त्यात सापडली आणि अशा जनुकांची एकूण संख्या १०६ झाली.

त्याच दिवशी आलेल्या दुसऱ्या शोधनिबंधात जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या ४३ पुरुषांची वाय गुणसूत्रे शेजारी ठेवून पाहिली होती. त्यात सर्वात लहान वाय साडेचार कोटी अक्षरांचा निघाला आणि सर्वात मोठा जवळपास साडेआठ कोटींचा. दोन निरोगी पुरुषांच्या एकाच गुणसूत्रात इतका फरक असू शकतो, याची बहुतेकांना कल्पना नव्हती. हा फरक येतो कुठून? तो बव्हंशी येतो वारंवार येणाऱ्या मजकुरातून आणि जनुकांच्या प्रतींमधून.

जनुकांची भावकी

वायवरची जनुके ढोबळमानाने दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार एकेकट्या जनुकांचा. त्यांची जोडीदार जनुके एक्सवर आहेत आणि ती शरीरभर कामे करतात. गर्भाचा पुरुष होण्याची कळ दाबणारे ‘एसआरवाय’ हे १९९० मध्ये सापडलेले जनुकही एकुलतेच आहे. दुसरा प्रकार अधिक विलक्षण आहे. तिथे एकेका जनुकाच्या दोन, चार, सहा, तर कधी तीस-चाळीस प्रती एकाच गुणसूत्रावर असतात. एका मूळ पुरुषाची भावकी वाढत जावी, तशी ही जनुके वाढली आहेत. म्हणून त्यांना जनुककुटुंबे म्हणतात.

अमेरिकेतील डेव्हिड पेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशी नऊ कुटुंबे नोंदवली. ‘टीएसपीवाय’ हे त्यातले सर्वात मोठे. ४३ पुरुषांच्या त्या अभ्यासात या एका जनुकाच्या प्रती कुणात २३ होत्या, तर कुणात ३९. २०२३ मध्ये नव्याने सापडलेल्या ४१ जनुकांपैकी बहुतेक याच कुटुंबातली आहेत. ‘आरबीएमवाय’, ‘सीडीवाय’ आणि ‘डॅझ’ ही आणखी काही महत्त्वाची कुटुंबे. डॅझच्या साधारणपणे चार प्रती असतात. या नऊ कुटुंबांचे एक वैशिष्ट्य असे, की ती प्रामुख्याने वृषणातच काम करतात आणि त्यांचा संबंध शुक्राणू तयार होण्याशी आहे.

ही सगळी कुटुंबे मुळात वायवरची नाहीत. डॅझचे मूळ घर तिसऱ्या गुणसूत्रावर आहे. माकड आणि माणूस यांच्या समान पूर्वजांच्या काळात, काही कोटी वर्षांपूर्वी, त्याची एक प्रत वायवर आली आणि तिथे वाढली. सीडीवायचे मूळ सहाव्या गुणसूत्रावर आहे. शुक्राणू घडवण्याच्या कामाला उपयोगी पडणारी जनुके उत्क्रांतीच्या ओघात वायवर येऊन स्थिरावली.

‘चिमा काय कामाची’

इतक्या प्रती कशासाठी, हा प्रश्न साहजिक आहे. बाकीची गुणसूत्रे जोडीने असतात. एकावर चूक झाली, तर दुसऱ्याकडे पाहून ती दुरुस्त करता येते. वायला असा जोडीदार नाही. एक्सशी त्याची देवाणघेवाण केवळ दोन टोकांना होते. मधला सगळा भाग एकटा पडलेला. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या चुका साचून हे गुणसूत्र निकामी होईल, असे भाकीत केले जात होते.

वायने यावर स्वतःपुरता तोडगा काढलेला दिसतो. मराठी शाळेत ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य प्रत्येकाने ऐकलेले असते. डावीकडून वाचा की उजवीकडून, तेच वाक्य. वायवर अशी आठ प्रचंड उलटसुलट वाक्ये आहेत. त्यातले सर्वात मोठे सुमारे २९ लाख अक्षरांचे आहे. त्याचे दोन्ही अर्धे भाग एकमेकांशी ९९.९७ टक्के जुळतात. ‘चि’ आणि ‘ची’ यांच्या वेलांटीत जेवढा फरक, तेवढासुद्धा तिथे क्वचितच सापडतो. अनेक जनुककुटुंबांच्या प्रती या वाक्यांच्या दोन्ही बाहूंवर समोरासमोर बसलेल्या असतात. गुणसूत्र मध्ये घडी पडल्यासारखे दुमडते आणि एका प्रतीतली चूक दुसरीकडे पाहून सुधारली जाते. म्हणजे जोडीदार नसलेल्या वायने स्वतःच्याच पोटात जोडीदार तयार केला.

पण या सोयीची किंमत आहे. सारखे दिसणारे दोन लांब तुकडे शेजारी असले, की शुक्राणू घडताना नक्कल करणारी यंत्रणा कधीकधी फसते. ती एका तुकड्यावरून थेट दुसऱ्या तुकड्यावर जाते आणि मधला भाग गळून पडतो. त्याबरोबर त्या भागात राहणारी जनुकांची अख्खी भावकी जाते.

तुकडा गळतो तेव्हा

वायच्या लांब बाहूवर शुक्राणूंसाठी आवश्यक काहीतरी असले पाहिजे, हा अंदाज इटलीतील तिएपोलो आणि झुफार्दी या संशोधकांनी १९७६ मध्ये मांडला. वीर्यात एकही शुक्राणू नसलेल्या सहा पुरुषांमध्ये त्या बाहूचे टोक गायब असल्याचे त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. पुढे १९९५ मध्ये डॅझ जनुक सापडले. त्याचे नावच ‘शुक्राणूहीनतेत गळालेले’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून पडले आहे. १९९६ मध्ये या भागाचे तीन विभाग पाडण्यात आले. त्यांना एझेडएफ-ए, एझेडएफ-बी आणि एझेडएफ-सी म्हणतात.

सर्वाधिक आढळते ते एझेडएफ-सी विभागातले गळणे. त्यात सुमारे ३५ लाख अक्षरांचा तुकडा जातो आणि डॅझच्या चारही प्रती त्याबरोबर जातात. अंदाजे २३०० पुरुषांत एकाला हे असते. याहून लहान, साधारण १६ लाख अक्षरांचा तुकडा गळला, तर डॅझच्या चारपैकी दोन प्रती उरतात. असे गळणे अडीच टक्क्यांच्या आसपास पुरुषांत आढळते. त्यांच्यात शुक्राणूंची संख्या फार कमी असण्याचा धोका वाढतो, पण त्यातले बहुसंख्य बाप होतात. जपानमधील पुरुषांच्या एका मोठ्या वंशशाखेत तर पिढ्यान् पिढ्या हाच अर्धा संच चालत आला आहे आणि त्या शाखेचा वंश व्यवस्थित चालू आहे. थोडक्यात, काही प्रती गेल्या तर बहुतेकांचे निभावते, सगळ्या गेल्या की अडचण येते.

भारतातही या विषयावर चांगले काम झाले आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील के. थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये वीर्यात शुक्राणू नसलेल्या ३४० पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यातल्या ८.५ टक्के पुरुषांच्या वायवरचा तुकडा गळालेला होता. मुंबईत परळला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथेही वायवरच्या या त्रुटींचा अभ्यास झाला आहे. याच संस्थेच्या आणि केईएम रुग्णालयाच्या सहकार्यातून डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला होता. वंध्यत्वावरील शास्त्रीय कामाची महाराष्ट्रातली परंपरा अशी चार दशकांची आहे. तालुक्याच्या गावापर्यंत मात्र त्यातले फार थोडे पोहोचले.

पुरुषत्वाशी संबंध नाही

तुकडा गळालेल्या पुरुषाचे बाकीचे आरोग्य सहसा उत्तम असते. दाढी-मिशा, आवाज, ताकद, लैंगिक क्षमता यांत फरक पडत नाही. कारण या गोष्टी टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर अवलंबून असतात. ते तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या आणि शुक्राणू घडवणाऱ्या पेशी वेगळ्या. तालमीत दोन तास घाम गाळणाऱ्या पैलवानाच्या वीर्यातही शुक्राणू नसू शकतात आणि किरकोळ अंगकाठीच्या माणसाला चार मुले असू शकतात. ‘मूल होत नाही म्हणजे मर्दानगीत खोट’ ही समजूत शरीरशास्त्राच्या पहिल्याच पायरीवर कोसळते. पण याच समजुतीपोटी पुरुष तपासणी टाळतात आणि तपासण्यांचा सगळा भार बायकोवर येतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हे गळणे बहुतेक वेळा नव्याने घडते. ते घराण्यातून आलेले नसते, कारण ज्याच्या वायवरचा हा भाग पूर्ण गेला आहे, तो नैसर्गिकरीत्या सहसा बापच होत नाही. वडिलांचा वाय धडधाकट असतो. मुलाला जन्म देणाऱ्या त्या एका शुक्राणूत चूक झालेली असते. यात कुणाचे पाप नाही, कुणाचा शाप नाही. देवदेवस्की आणि अंगारे-धुपारे यांचा इथे काडीचा उपयोग नाही.

क्रम बदलला तर काय वाचते

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जगातल्या दर सहा प्रौढांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण असते. काहींत ते एकटेच, काहींत स्त्रीच्या कारणाबरोबर. तेव्हा दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू होणे हा सरळ हिशेब आहे. त्यात वीर्यतपासणी सर्वात सोपी. सुई नाही, भूल नाही, टाका नाही. दोन ते सात दिवसांच्या अंतराने नमुना द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. दोष दिसला, तर काही आठवड्यांनी पुन्हा एकदा खात्री करायची. चांगल्या प्रयोगशाळेत एका सकाळीत हे काम होते. याउलट स्त्रीच्या तपासण्यांत वेदना आहेत, खर्च आहे, दुर्बिणीच्या तपासणीला भूलही लागते.

वायची तपासणी प्रत्येक पुरुषाने करायची नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. एक मिलिलिटर वीर्यात साधारण एक कोटी ६० लाख शुक्राणू असणे ही सामान्यतेची खालची मर्यादा मानली जाते. ते ५० लाखांच्या खाली गेले, तर वायची तपासणी विचारात घेतली जाते. १० लाखांच्या खाली गेले किंवा एकही दिसला नाही, तर ती करायलाच हवी. त्याबरोबर गुणसूत्रांची संख्याही तपासतात. कारण काही पुरुषांत ‘एक्स-एक्स-वाय’ अशी एका एक्सची भर असते आणि शुक्राणूहीनतेचे ते वायच्या त्रुटीपेक्षाही अधिक आढळणारे कारण आहे. दोन्ही तपासण्यांना रक्ताचा एक नमुना पुरतो. तो मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवता येतो, रुग्णाला जावे लागत नाही.

या तपासणीचा उपयोग केवळ कारण कळण्यापुरता नाही. एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी हा विभाग पूर्ण गळालेला असेल, तर वृषणातून शस्त्रक्रियेने शुक्राणू काढण्याचा प्रयत्न जवळजवळ नेहमीच फसतो. तिथे शस्त्रक्रिया करणे म्हणजे रुग्णाला वेदना आणि कर्ज देणे. एझेडएफ-सी गळालेला असेल, तर मात्र साधारण निम्म्या पुरुषांत शुक्राणू मिळू शकतात. वीर्यात थोडे शुक्राणू असतील, तर ते काळानुसार कमी होऊ शकतात, म्हणून वेळेत गोठवून ठेवण्याचा सल्ला दिला जातो. एका रक्ततपासणीने कुठल्या जोडप्याला आशा द्यायची आणि कुणाला खर्चापासून वाचवायचे, हे कळते. दागिने गहाण ठेवून किंवा जमिनीचा तुकडा विकून उपचार करणाऱ्या कुटुंबांसाठी हा फरक फार मोठा आहे.

शुक्राणू कमी असण्याची सगळी कारणे वायवर नाहीत, हेही सांगायला हवे. वृषणाच्या शिरांची सूज, वयात आल्यावर झालेले गालगुंड, वृषण वेळेत खाली न उतरणे, भट्टीसारख्या उष्णतेत सतत काम, तंबाखू आणि दारू यांचाही वाटा असतो. कोल्हापूरच्या मातीत व्यायामाची आवड मोठी. पण झटपट शरीर कमावण्यासाठी घेतलेली स्टेरॉइड किंवा टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्राणू तयार होणेच बंद पाडतात. ‘ताकदीचे इंजेक्शन’ म्हणून मूल होण्यासाठी टेस्टोस्टेरॉन घेणे हा तर उलटा उपाय आहे. यातली बरीच कारणे दूर करता येतात, पण त्यासाठी आधी तपासावे लागते.

मुलगा झाला, तर वारसा कोणता?

१९९२ मध्ये ब्रुसेल्समधील डॉक्टरांनी एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याची ‘इक्सी’ ही पद्धत यशस्वी केल्याचे जाहीर केले. त्यामुळे एझेडएफ-सी गळालेले पुरुषही बाप होऊ लागले. पण निसर्गाने जी त्रुटी एका पिढीत थांबवली असती, ती आता पुढे जाते. अशा बापाला मुलगा झाला, तर त्याला तोच तुटका वाय मिळतो आणि मोठेपणी त्यालाही हीच अडचण येण्याची दाट शक्यता असते. मुलगी झाली, तर तिला बापाचा एक्स मिळतो. तिला या त्रुटीचा स्पर्शही होत नाही.

वंशाच्या दिव्यासाठी नवस करणाऱ्या समाजाला हे ऐकायला विचित्र वाटेल. पण मूल हवे म्हणून उपचार घेणाऱ्या जोडप्याला ही माहिती आधी मिळणे हा त्यांचा हक्क आहे. त्याचा अर्थ गर्भाचे लिंग निवडावे असा नाही. गर्भलिंग निवडीविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम, १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यानेही ठरावीक लिंगाचे मूल देऊ करण्यास केंद्रांना बंदी घातली आहे. मुलगा झाला तरी तो निरोगी आयुष्य जगतो. त्याला वयात आल्यावर खरी माहिती द्यायची आणि शुक्राणू वेळेत गोठवण्याची सोय सांगायची, एवढेच करायचे असते. काही जोडपी हे समजून घेऊन दात्याच्या शुक्राणूंचा किंवा दत्तकाचा मार्ग निवडतात. निर्णय त्यांचा, पण तो माहितीवर आधारलेला हवा.

आता वंशाच्या हिशेबाकडेही पाहू. दहा पिढ्या मागे गेले, तर प्रत्येक माणसाचे १०२४ पूर्वज होतात. मुलाचा वाय त्यातल्या फक्त एका पुरुषाकडून आलेला असतो. उरलेल्या १०२३ जणांच्या वारशाचे काय? माणसाच्या सुमारे २० हजार जनुकांपैकी वायवर जेमतेम शंभर आहेत आणि त्यातही बरीचशी एकमेकांच्या प्रती. बापाचा एक्स मात्र मुलीला मिळतो. त्यावर आठशेच्या आसपास जनुके आहेत. म्हणजे अक्षरे मोजली किंवा जनुके मोजली, तरी बापाचा वारसा मुलापेक्षा मुलीकडे किंचित जास्तच जातो. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे फक्त ८३९ मुली उरल्या होत्या, तेव्हा राज्याचा आकडा ९१३ होता. पुढे याच जिल्ह्यात लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना सोनोग्राफी यंत्रांवर ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण बसवण्याचा प्रयोग झाला आणि त्याची देशभर चर्चा झाली. ज्या गुणसूत्रासाठी एवढ्या मुली नाकारल्या गेल्या, त्याच्यावर वंश म्हणावा असा ऐवज फारच थोडा आहे.

वाय खरेच नाहीसा होणार?

मोबाइलवरच्या बातमीत थोडे तथ्य आहे. वाय एके काळी एक्सएवढाच होता. काही कोटी वर्षांत त्याने आपली बहुतेक जुनी जनुके गमावली. पण ही गळती पुष्कळ आधीच मंदावली आहे. माणूस आणि ऱ्हिसस माकड यांचे पूर्वज सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. त्यांच्या वायची तुलना २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा एवढ्या काळात माणसाच्या वायने जुन्या जनुकांपैकी केवळ एक गमावल्याचे दिसले. जपानच्या अमामी ओशिमा बेटावर एक काटेरी उंदीर आहे, त्याच्यात वाय उरलेलाच नाही. तरीही त्या जातीत नर जन्माला येतात. दुसऱ्या गुणसूत्रावरच्या एका बदलाने नर घडवण्याचे काम अंगावर घेतल्याचे २०२२ मध्ये समोर आले. त्यामुळे ‘पुरुष संपणार’ ही भीती आज निराधार आहे.

वाय गमावण्याची एक गोष्ट मात्र प्रत्यक्ष घडते. वाढत्या वयात पुरुषांच्या काही रक्तपेशींमधून वाय निसटतो. धूम्रपान करणाऱ्यांत हे प्रमाण जास्त असते. अशा पुरुषांत कर्करोगाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसतो. २०२२ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात रक्तपेशींतला वाय काढल्यावर हृदयाचे स्नायू निबर होताना दिसले. म्हणजे वाय टिकावा अशी ज्यांना काळजी आहे, त्यांनी पुढच्या लाख वर्षांची चिंता सोडून हातातली विडी-सिगारेट टाकावी.

एक कागद

गारगोटी हे शिक्षणाच्या प्रयोगाचे गाव आहे. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी इथे मौनी विद्यापीठ उभे केले, ते ग्रामीण माणसापर्यंत शिक्षण नेण्यासाठी. आरोग्याचे शिक्षणही तसेच घरापर्यंत न्यावे लागेल. त्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. नियमित सहवास असूनही वर्षभरात दिवस राहिले नाहीत, स्त्रीचे वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांत राहिले नाहीत, तर दोघांनी मिळून दवाखान्यात यावे. घरी येणाऱ्या आशाताईने सुनेइतक्याच सहजपणे मुलाच्याही तपासणीची चौकशी करावी. डॉक्टरांनी नवऱ्याचा रिपोर्ट आल्याशिवाय बायकोला दुर्बिणीच्या टेबलावर घेऊ नये. तालुक्याच्या ठिकाणी विश्वासार्ह वीर्यतपासणी मिळावी आणि गरज पडेल त्यांचे रक्त पुढे पाठवण्याची सोय सरकारी यंत्रणेत असावी. जोडप्याला सुमारे ५० किलोमीटरवरच्या कोल्हापूरला पुन्हा पुन्हा हेलपाटे पडू नयेत, एवढी मागणी जास्त नाही.

वाय गुणसूत्राचा पूर्ण नकाशा हाती यायला शास्त्रज्ञांना अनेक वर्षे लागली. त्या नकाशाचा गारगोटीतला उपयोग अगदी साधा आहे. सुनेच्या फाईलमध्ये नवऱ्याच्या नावाचा एक कागद वाढला पाहिजे, आणि तो सर्वात वर असला पाहिजे.